१६ तासांचं बांधकाम

माणसाच्या स्त्रीबीजात गुणसूत्रांची वाटणी व्हायच्या आधी ती वाटणी करणारं यंत्र, म्हणजे स्पिंडल, उभं राहावं लागतं, आणि ते उभं राहायलाच साधारण १६ तास जातात. उंदराच्या बीजात हेच काम बरंच लवकर उरकतं, आपल्या अंगातल्या साध्या पेशीत तर अर्ध्या तासाच्या आसपास. आणि या १६ तासांत ते एका दमात उभं राहतं असंही नाही, दोन टोकांचं व्हायच्या ऐवजी मधेच तीन टोकं फुटतात, परत दोन होतात, परत एखादं टोक सैल पडतं, असं चालूच. हे सगळं २०१५ मध्ये केंब्रिजला मेलिना शू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० हून जास्त जिवंत मानवी बीजांवर तासन्‌तास नजर ठेवून बघितलं. ही बीजं कुठून आली, तर उपचारात वापरता न येणारी, कच्ची राहिलेली, जोडप्यांनी संमतीने संशोधनाला दिलेली. त्या अनोळखी बायकांचे माझ्यावर उपकार आहेत असं मला मनापासून वाटतं, कारण त्यांच्यामुळे मला माझ्या पेशंटना एक उत्तर देता येतं.

मी नाशिकमध्ये एका आयव्हीएफ लॅबमध्ये एम्ब्रियॉलॉजिस्ट (बीजं आणि गर्भ हाताळणारी) आहे. म्हणजे लोक ज्याला टेस्ट ट्यूब बेबी सेंटर म्हणतात तिथल्या आतल्या खोलीत बसणारी, बाहेर फार न दिसणारी. आमच्याकडे शहरातली जोडपी येतातच पण निफाड, सिन्नर, येवला, चांदवड, पार सुरगाण्याहूनही येतात, पहाटेची पहिली एसटी पकडून. आणि सायकल, म्हणजे उपचाराची एक फेरी, फेल गेली, किंवा राहिलेलं दोन महिन्यांत गेलं, की प्रत्येक वेळी तोच प्रश्न येतो, कधी बाई विचारते, कधी सोबत आलेली सासू विचारते, पण बोट एकीकडेच असतं. "ताई, हिचं कुठं चुकलं?"

या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत देता येत नाही म्हणून हा लेख लिहायला घेतला. जरा लांब जाणार आहे, पण मला ते नीट सांगायचंय.

आधी यंत्राबद्दल. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं, बीजात २३ च राहिली पाहिजेत म्हणजे शुक्राणूची २३ मिळून परत ४६ होतील, एवढं शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. ही निम्मी करायची वाटणी जिच्यावर होते ती स्पिंडल, पुस्तकात तुर्कतंतू म्हणून दिलेली. मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती, आणि ती बनते मायक्रोट्यूब्यूल नावाच्या अतिसूक्ष्म नळ्यांची. एक नळी २५ नॅनोमीटर जाड, म्हणजे असे ४०,००० व्यास शेजारी शेजारी लावले तर कुठे एक मिलिमीटर होईल. गुणसूत्रं मधल्या भागात येऊन उभी राहतात, नळ्या त्यांना दोन्ही बाजूंनी धरतात आणि योग्य वेळ आली की अर्धी इकडे अर्धी तिकडे ओढली जातात. पहिल्या वाटणीत अर्धा संच पोलर बॉडी नावाच्या एका इवल्याशा पेशीत घालून बाहेर टाकला जातो, उरलेला बीजात राहतो. मग लगेच दुसरी स्पिंडल तयार होते आणि बीज तिथेच थांबतं, शुक्राणू आत येईपर्यंत.

पुस्तकातल्या आकृतीत स्पिंडलच्या दोन्ही टोकांना एकेक ठिपका असतो, त्याला तारककेंद्र म्हणतात. आकृती बघून कुणालाही वाटेल की या ठिपक्यांतूनच सगळं उगवतंय, तेच मालक आहेत. साध्या पेशीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण स्त्रीबीजात हे ठिपके नसतातच! बीज वाढत असताना ते काढून टाकले जातात, माणसात, उंदरात, फळमाशीत, बहुतेक सगळ्या प्राण्यांत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी थिओडोर बोव्हेरी यांनी कृमींची आणि समुद्री अर्चिनची अंडी बघून सांगितलं होतं की बीजाकडे हे केंद्र राहत नाही, ते शुक्राणू घेऊन येतो. माणसाच्या बाबतीतही तसंच आहे. म्हणजे बाप फक्त २३ गुणसूत्रं देतो असं नाही, बाळाच्या पहिल्या पेशीविभाजनासाठी तारककेंद्रही त्याच्याकडून येतं. (ही गोष्ट मी नवऱ्यांना मुद्दाम सांगते, कारण तोपर्यंत बरेचसे नवरे हे बायकोचं काम समजून मोबाईलमध्ये बघत बसलेले असतात.)

पण तो शुक्राणू येईपर्यंत बीजाला दोन वाटण्या केंद्राशिवाय कराव्या लागतात, एक पूर्ण आणि दुसरी अर्ध्यापर्यंत आणून ठेवायची.

हे असं केंद्राशिवाय होऊ शकतं याचा पुरावा खरं तर नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक बीएस्सीच्या पोराने हाताने बघितलेला असतो, फक्त त्याला कुणी तसं सांगत नाही. लासलगावच्या मार्केटमधून आलेला कांदा, पाण्यावर ठेवायचा, बूड पाण्याला टेकेल असा, दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं सुटतात. सकाळी टोकं कापायची, ॲसिडमध्ये किंचित गरम करायची, ॲसिटोकार्मिनचा लाल रंग द्यायचा, काचपट्टीवर ठेवून वर कव्हरस्लिप आणि मग ब्लॉटिंग पेपर धरून अंगठ्याने दाबायचं, सरळ दाबायचं, अंगठा जरा जरी फिरला तर पेशी गुंडाळतात आणि सगळं वाया. मग दिसतात ती कांद्याची १६ गुणसूत्रं, कुठे गोळा झालेली, कुठे मधोमध रांगेत, कुठे दोन बाजूंना निघालेली. आमच्या कॉलेजात गंगापूर रोडला आम्ही हे प्रॅक्टिकल केलं तेव्हा जर्नलमध्ये आकृती काढताना सगळ्यांनी दोन टोकांना दोन ठिपके काढले होते, पुस्तकात होते म्हणून. सरांनी लाल पेनाने ते ठिपके खोडले आणि म्हणाले, वनस्पतीत नसतात. बस, तेवढंच. का नसतात, मग काम कसं चालतं, हे त्यांनी सांगितलं नाही. तो प्रश्न मला बरीच वर्षं पुरला.

उत्तर आहे मोटर प्रोटीन.

हे रेणू नळ्यांवरून चालतात. अक्षरशः चालतात, दोन पायांनी, एक उचलून दुसऱ्याच्या पुढे ठेवत. किनेसिन नावाचं प्रोटीन १९८५ मध्ये अमेरिकेत वुड्स होलला सापडलं, रोनाल्ड व्हेल, थॉमस रीस आणि मायकेल शीट्झ यांना, माकूळ म्हणजे स्क्विडच्या जाडजूड मज्जातंतूवर काम करताना. किनेसिनचं एक पाऊल ८ नॅनोमीटरचं, आणि एका पावलाला एक एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च. डायनीन त्याच्याही आधीचं, १९६५ मध्ये इयान गिबन्स यांनी त्याला नाव दिलं. नळीला दोन टोकं असतात आणि ती सारखी नसतात, एक प्लस, एक मायनस. बहुतेक किनेसिन प्लसकडे चालतात, डायनीन मायनसकडे. माणसात किनेसिनची ४५ च्या आसपास जनुकं आहेत, आणि त्यातलं प्रत्येक वेगळं काम करतं, कुणी माल वाहतं, कुणी नळ्या सरकवतं, कुणी नळी टोकाकडून सोलून छोटी करतं.

आता बीजात काय होतं ते बघा. सुरुवात गुणसूत्रांपासूनच होते. गुणसूत्रांच्या भोवती रॅन नावाच्या एका प्रोटीनचं चालू रूप जास्त प्रमाणात असतं, लांब गेलं की कमी, आणि त्यामुळे गुणसूत्रांच्या आसपासच्याच भागात नळ्या उगवायला लागतात. पण उगवतात त्या कशाही, वेड्यावाकड्या, सगळ्या दिशांना. केंद्र नाही, त्यामुळे कुठलं टोक कुठे जावं हे सांगणारं कुणी नाही.

इथे किनेसिन-५ येतं. याला दोन्ही बाजूंना पाय असतात. उलट दिशांना तोंड केलेल्या दोन नळ्या शेजारी आल्या की हे मधे उभं राहून एका बाजूचे पाय या नळीवर, दुसऱ्या बाजूचे त्या नळीवर ठेवतं आणि दोन्हीकडे प्लस टोकाकडे चालायला लागतं. ते स्वतः मधेच राहतं पण नळ्या मात्र एकमेकींपासून बाहेर सरकतात, दोघींची मायनस टोकं लांब लांब जातात. हजारो ठिकाणी हे एकाच वेळी चाललेलं असतं आणि त्यातून त्या गुंत्याला लांबी येते, दोन बाजू येतात. १९९९ मध्ये मोनॅस्ट्रॉल नावाचा एक छोटा रेणू सापडला जो फक्त हेच प्रोटीन अडवतो, आणि तो दिला की पेशीत दोन टोकं होतच नाहीत, एकच टोक आणि त्याभोवती गुणसूत्रांचं गोल कडं. उंदराच्या बीजात २००७ मध्ये शू आणि यान एलेनबर्ग यांनी दाखवलं की तारककेंद्राच्या जागी ८० च्या आसपास छोटी छोटी केंद्रं असतात, ती आधी एकत्र गोळा होतात आणि मग किनेसिन-५ च्याच जोरावर त्यांना दोन बाजूंना ढकललं जातं. माणसाच्या बीजात उंदरासारखी ही ८० केंद्रंही तशी दिसत नाहीत. आपलं काम त्याहूनही बिनआधाराचं.

बाहेर ढकलणं झालं, पण नुसतं ढकलून टोक बनत नाही. टोक बनायला मायनस टोकं एकत्र बांधावी लागतात. आपल्या घरातली केरसुणी घ्या, शिरं सगळी नीट असली तरी मुठीपाशी ती आवळून बांधलेली नसतील तर फाकतात आणि केर निघत नाही. स्पिंडलच्या टोकाला तीच गरज असते. ही बांधणी करतात डायनीन, त्याच्यासोबत न्यूमा नावाचं प्रोटीन, आणि किनेसिन-१४ नावाचं घराणं. किनेसिन-१४ हे किनेसिन असूनही उलटं, मायनसकडे चालणारं. पायाने एक नळी धरायची, शेपटीने दुसरी, आणि चालत चालत दोघींची मायनस टोकं जवळ आणायची.

याची गोष्ट फळमाशीपासून सुरू होते आणि मला ती फार आवडते. माशीच्या एका जातवाणात डोळ्यांचा रंग वेगळा लालसर होता, आणि त्या माद्यांच्या पिल्लांमध्ये गुणसूत्रं कमीजास्त निघायची, आईकडून आलेलीच. हे कित्येक दशकं नुसतं नोंदवलेलं पडून होतं. १९९० मध्ये त्यामागचं जनुक सापडलं, एनसीडी, आणि ते निघालं किनेसिनच्या कुळातलं, वर पहिलं असं किनेसिन जे मायनसकडे चालतं. ते बिघडलं की मादीच्या बीजातली स्पिंडल टोकाला फाकते. म्हणजे पिल्लातला गुणसूत्रांचा घोळ, आईच्या बीजातलं यंत्र आणि एका रेणूचं चालणं, हे तिन्ही एका सरळ रेषेत आले. आणि कांद्याचं कोडंही इथेच सुटतं. सपुष्प वनस्पतींमध्ये हे डायनीन नाहीच, ते हरवून गेलंय, आणि त्याच्या जागी किनेसिन-१४ ची भरमसाट पिलावळ आहे, बांधणीचं बरचसं काम तीच सांभाळते. सरांनी खोडलेल्या त्या ठिपक्यांच्या जागी काय होतं ते मला असं खूप उशिरा कळलं.

एक प्रयोग तर असा आहे की तो वाचून मी अक्षरशः खुर्चीतून उठले होते. १९९६ मध्ये रेबेका हील्ड आणि सहकाऱ्यांनी बेडकाच्या अंड्यांचा रस काढला आणि त्यात नुसते बारीक मणी टाकले, मण्यांवर डीएनए चिकटवलेला. गुणसूत्र नाही, तारककेंद्र नाही, पेशीही नाही. आणि त्या मण्यांभोवती दोन टोकांची, नीट, व्यवस्थित स्पिंडल उभी राहिली! डायनीन अडवलं तर टोकं फाकली. आराखडा कुणाकडेच नाही, फक्त ढकलणारे आणि ओढणारे रेणू आहेत, पण त्यांच्या ओढाताणीत दोन टोकं आपोआप येतात. मी देवधर्म करणारी बाई आहे, त्र्यंबकला जाते, एकादशी धरते, आणि हे वाचल्यावर मला माझ्या श्रद्धेला काही धक्का बसला नाही, उलट हात जोडावेसे वाटले.

तर मग माणसाच्या बीजाचं काय बिघडतं. २०२२ मध्ये शू यांच्याच गटाने, आता जर्मनीत गटिंगेनला, हे सोडवलं. त्यांनी गायीचं, डुकराचं, उंदराचं आणि माणसाचं बीज शेजारी शेजारी ठेवून बघितलं. गाय आणि डुकराच्या बीजात तारककेंद्र नाही, उंदरासारखी छोटी केंद्रंही नाहीत, न्यूमाच टोकं बांधतं, म्हणजे परिस्थिती अगदी आपल्यासारखी. तरी त्यांची स्पिंडल पक्की राहते आणि आपली डळमळते. फरक कशाचा, तर केआयएफसी-१ या एका मोटर प्रोटीनचा, आणि हे त्याच किनेसिन-१४ घराण्यातलं आहे, माशीच्या एनसीडीचं भावंड. माणसाच्या बीजात ते फारच कमी असतं. गायीच्या बीजातून ते काढून टाकलं तर गायीची स्पिंडलही आपल्यासारखी तीन-तीन टोकं फुटायला लागली. आणि माणसाच्या बीजात ते बाहेरून घातलं तर स्पिंडल सावरली.

हे मी परत लिहिते, कारण माझ्यासाठी सगळ्या लेखाचा जीव इथे आहे. काढलं तर बिघडलं, घातलं तर सुधारलं. माणसाच्या निरोगी, तरुण बाईच्याही बीजात एक बांधणारा रेणू मुळातच कमी आहे. हे कुणा एका बाईचं वैगुण्य नाही, हा आपल्या जातीचाच स्वभाव आहे.

टोकं डळमळली की काय होतं? एखाद्या गुणसूत्राला एका बाजूच्या नळीने धरायचं सोडून दोन्ही बाजूंच्या नळ्या धरतात, वाटणीच्या वेळी ते मागे राहतं, आणि चुकीच्या बाजूला जातं. मग बीजात २२ राहतात किंवा २४. २१ नंबरचं जास्त झालं तर डाउन सिंड्रोम, ती मुलं जन्माला येतात, जगतात. १६ नंबरचं जास्त झालं तर गर्भ टिकतच नाही, आणि गर्भपातांमध्ये ट्रायसोमी म्हणजे जास्तीच्या गुणसूत्रांच्या प्रकारांत १६ नंबर सगळ्यात जास्त सापडतो. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भपात होतात त्यातल्या साधारण निम्म्यांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते, आणि ट्रायसोमीत ती चूक बहुतेक वेळा बीजाच्या वाटणीतली असते. वय वाढलं की आणखी एक भर पडते, ती मोटरची नाही, कोहेसिनची. गुणसूत्रांना जोडून ठेवणारं हे प्रोटीन बाई स्वतः तिच्या आईच्या पोटात असताना लागलेलं असतं आणि उंदरांवरच्या कामात दिसलंय की ते नंतर नव्याने फारसं भरलं जात नाही. पस्तिशी, चाळिशीपर्यंत ते झिजतं, आणि झिजलेली जोडणी डळमळत्या स्पिंडलवर चढते.

आमच्याकडे हे सगळं कुठे दिसतं ते सांगते. पिकअपच्या, म्हणजे बीजं बाहेर काढायच्या, आदल्याच्या आदल्या रात्री ट्रिगरचं, म्हणजे बीजं पिकवणारं, इंजेक्शन असतं, सिस्टर बजावून सांगतात साडेदहा म्हणजे साडेदहालाच, लोक मोबाईलला तीन तीन अलार्म लावतात. त्या इंजेक्शननंतर थोपलेली बीजं जागी होतात, केंद्रकाचं आवरण विरघळतं आणि ते लांबलचक बांधकाम सुरू होतं. म्हणजे ती बाई सिन्नरला घरी दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापत असते, गुरांना पाणी दाखवत असते, आणि तेव्हा तिच्या आत नळ्या उगवून सरकत असतात. ३४-३६ तासांनी बीजं आमच्या हातात येतात. ज्यांनी पोलर बॉडी बाहेर टाकलीय ती पिकलेली, एम-टू म्हणतो आम्ही.

इक्सी, म्हणजे एकच शुक्राणू सुईने बीजात सोडणं, हे करताना पोलर बॉडी घड्याळात बाराच्या किंवा सहाच्या जागी धरतात आणि सुई तीनच्या बाजूने आत नेतात, म्हणजे स्पिंडलला धक्का लागू नये. पण स्पिंडल कायम पोलर बॉडीच्या अगदी खालीच असते असं नाही, सरकलेलीही असते. म्हणून काही लॅबमध्ये पोलराइज्ड लाइट वापरतात. साध्या उजेडात बीज म्हणजे एक पारदर्शक गोल, आत बारीक रवाळ, स्पिंडल अजिबात दिसत नाही. पोलराइज्ड लाइट चालू केला, फिल्टर जरा फिरवला, की कडेपाशी एक छोटी उजळ पट्टी उठते, लंबगोल, कडा जरा धूसर. बीजाचा व्यास ०.१ मिलिमीटरहून किंचित जास्त आणि ही पट्टी त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी. शिन्या इनोउए यांनी १९५३ मध्ये अशाच उजेडात एका समुद्री कृमीच्या जिवंत बीजात स्पिंडलचे धागे दाखवले, तोपर्यंत बरेच लोक म्हणत होते की हे धागे खरे नसतात, पेशी मारून रंगवताना तयार होतात. मी ती पट्टी बघते तेव्हा मला माहीत असतं की ती स्थिर दिसत असली तरी आतल्या नळ्या सतत घडतायत, मोडतायत, मोटर चालतायत आणि एटीपी जळतंय.

आणि ती किती नाजूक आहे! बीज ३७ अंशावरून खोलीच्या तापमानाला आलं की काही मिनिटांत स्पिंडल विरघळायला लागते, नळ्या सुट्या होतात, आणि परत गरम केल्यावर माणसाच्या बीजात ती पूर्वीसारखी होईलच याची खात्री नसते. म्हणून आमची सूक्ष्मदर्शकाची काच गरम, टेबल गरम, ट्यूबचे ब्लॉक गरम. डिसेंबरात निफाडला पारा पार खाली जातो, नाशिकमध्येही सकाळी बोटं गारठतात, तेव्हा मी लॅबमध्ये शिरल्यावर आधी थर्मामीटर बघते आणि मग बाकी सगळं.

आता त्या प्रश्नाकडे. बाईला काय काय ऐकवलं जातं ते मी इथे लिहिते कारण हे मी रोज ऐकते. पपई खाल्ली. वणीच्या गडाला पायऱ्या चढून गेली. हंडा उचलला. ग्रहणात सुरी हातात घेतली. द्राक्षाच्या छाटणीला उभी राहिली. स्कूटीवरून कॉलेज रोडला गेली. जास्त शिकली, नोकरी केली, टेन्शन घेतलं. एक बाई मला म्हणाली होती, ताई मी त्या दिवशी रागाने बोलले होते सासूला, त्याचंच लागलं असेल का. मी तिला म्हटलं, अगं ज्या दिवशी तुझ्या बीजात ती वाटणी चुकली त्या दिवशी तू राहिलेलीही नव्हतीस. गुणसूत्राची ही चूक बहुतेक वेळा बीज फुटायच्या आधी, नाहीतर फार तर शुक्राणू आत येताना होऊन गेलेली असते. पायरी, हंडा, पपई, सगळं त्याच्यानंतरचं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग रडली, आणि तिच्यासोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "मंग आमच्या टायमाला बी असंच होत असंल, मला बी दोनदा झालतं." चाळीस वर्षांनी त्या बाईने ते तोंडातून काढलं असेल.

प्रत्येक गर्भपात असाच होतो असं मी म्हणत नाहीये. थायरॉइड, शुगर, गर्भाशयाचा पडदा, रक्त गोठण्याचे त्रास, ही कारणं असतात, ती तपासलीच पाहिजेत. तंबाखू-सिगरेट, बाईची असो की नवऱ्याची, वाईटच. पण या तपासण्या सगळ्या नॉर्मल आल्या म्हणजे दोष बाईच्या वागण्यात, असा जो उलटा हिशोब घरोघर मांडला जातो तो मला सहन होत नाही.

आणि दुसरी एक गोष्ट बोलायलाच हवी. केआयएफसी-१ चं ते काम प्रयोगशाळेतलं आहे, संशोधनाच्या बीजांवरचं. ते इंजेक्शन कुठे मिळत नाही, गोळी नाही, पावडर नाही. "एग क्वालिटी" वाढवायच्या नावाखाली हजारो रुपयांचे डबे विकले जातात आणि लोक सोनं मोडून ते घेतात, एकीच्या पिशवीत मी असे चार डबे बघितले होते. स्पिंडलची टोकं बांधून देणारं काहीही आज दुकानात नाहीये. फॉलिक ॲसिड घ्या, त्याचं कारण वेगळं आहे, ते बाळाच्या मणक्यासाठी आणि मेंदूसाठी. बाकी तुमच्या डॉक्टरांना विचारा की याचा नेमका उपयोग काय, आणि उत्तर मिळेपर्यंत पाकीट बाहेर काढू नका.

एक काम मात्र करता येतं आणि ते फार कमी घरांना माहीत असतं. गर्भपात झाला आणि क्युरेटिंग करायची वेळ आली, विशेषतः दुसऱ्यांदा होत असेल तर, त्या टिश्यूची गुणसूत्रं तपासता येतात. पण हे आधी बोलावं लागतं, ऑपरेशनच्या टेबलवर जायच्या आधी, कारण सवयीने ते फॉर्मालिनच्या बाटलीत टाकलं जातं आणि फॉर्मालिनमध्ये पेशी मरतात, मग त्या वाढवून कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची मोजणी, करता येत नाही. निर्जंतुक सलाइनमध्ये घ्यावं लागतं आणि लवकर लॅबला पोचवावं लागतं. नवऱ्याने हे लक्षात ठेवायचं, कारण ती त्या वेळी लक्षात ठेवायच्या अवस्थेत नसते. खर्च विचारा, झेपत असेल तर करा. रिपोर्टमध्ये एखादं गुणसूत्र जास्त निघालं तर तो कागद घरी न्या आणि घरातल्या सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचून दाखवा, सासूबाईंना, नणंदेला, शेजारच्या काकूंनाही.